एका ताटाला किती हात लागतात?

*ताई, माझी लेक सात वर्षांची आहे. तिला दूध आणि काजू दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. चार वर्षांची असताना एका वाढदिवसाला आइस्क्रीमचा एक चमचा पोटात गेला आणि पंधरा मिनिटांत ओठ सुजले, धाप लागली. इंजेक्शन द्यावं लागलं, रात्र हॉस्पिटलात काढली. तेव्हापासून अ‍ॅड्रेनलिन इंजेक्शनची दोन पेनं सतत सोबत असतात आणि आम्ही बाहेर जवळजवळ खातच नाही. आता दीर, जाऊबाई आणि त्यांच्या मुलांसोबत दोन दिवस थीम पार्कला जायचं ठरलंय, एकूण नऊ जण. पार्कला ईमेल केला तर ‘आम्ही अ‍ॅलर्जीमुक्त जेवणाची हमी देऊ शकत नाही’ असं उत्तर आलं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर खाऊ घालून बघितल्यावर घरी खरपूस भाजलेली दुधाची बिस्किटं द्यायला हरकत नाही म्हटलंय, ती बिस्किटं लेक खाते. त्यावरून जाऊबाई म्हणतात, ‘बिस्किटातलं दूध चालतं, मग एवढ्याशा आइस्क्रीमने काय होतंय?’ मिस्टर म्हणतात, रद्दच करू. लेक रोज सकाळी किती दिवस उरले ते मोजते. जावं की नको? आणि बाकीची मुलं आइस्क्रीम खात असतील तेव्हा तिला काय सांगू?*

*दोन पेनांची आई*

प्रिय दोन पेनांची आई,

जा.

उत्तर पहिल्याच ओळीत दिलं, कारण पुढचं वाचताना ‘नकोच बाई’ असं तुम्हाला दोन-तीनदा तरी वाटेल. वाटलं की वर येऊन हा शब्द पुन्हा वाचा.

आधी त्या ईमेलबद्दल. ‘हमी देऊ शकत नाही’ हे वाक्य तुम्हाला बहुतेक सगळीकडे मिळेल. ज्यांचं स्वयंपाकघर काटेकोर आहे तेही तेच लिहितात आणि ज्यांना काजू आणि शेंगदाणा यांतला फरक माहीत नाही तेही तेच लिहितात. ते वाक्य वकिलाने लिहिलेलं असतं, आचाऱ्याने नाही. त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. पुन्हा लिहा, आणि या वेळी हमी मागूच नका. पदार्थांच्या घटकांची यादी मिळेल का, बटाट्याचे फ्राईज वेगळ्या तेलात तळतात का, बाहेरचा डबा आत आणू देतात का, आणि त्या दिवशी कोणत्या रेस्टॉरंटमध्ये, कोणाला विचारायचं, एवढं विचारा. या प्रश्नांना नेमकी उत्तरं आली तर तिथे कोणीतरी विचार केलेला आहे. पुन्हा तेच हमीचं वाक्य आलं, तर दोन्ही दिवस डबा न्यायचा आणि पार्क फक्त राइडसाठी वापरायचं. तेही काही वाईट नाही.

डब्याबद्दल संकोच नको. पुष्कळ पार्कांत बाहेरचं खाणं बंद असलं, तरी वैद्यकीय कारण असेल तर सवलत देतात. डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी सोबत ठेवा, फाटकावर वाद घालायची वेळ येत नाही. काचेच्या बाटल्या आणि मोठे टणक कूलर अडवतात, म्हणून मऊ पिशवी घ्या. आणि गार खाता येईल असंच न्या, कारण बाहेरून आणलेलं अन्न आपल्या स्वयंपाकघरात गरम करून द्यायला बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. त्यांच्याही बाजूने ते बरोबरच आहे.

आता मुख्य गोष्ट. आपण अ‍ॅलर्जीवाल्या आया मेनू वाचण्यात पटाईत होतो. पण मेनूत काय आहे हे धोक्याचं अर्धंच उत्तर. दुसरं अर्ध म्हणजे, तो पदार्थ लेकीपर्यंत पोचेस्तोवर त्याला किती हात लागले, किती चमचे, किती चिमटे, किती तवे लागले. मी पार्कात शिरले की मेनूच्या आधी हात मोजते. पॅकबंद वस्तूला कारखान्यानंतर एकच हात, माझा. बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये तीन-चार. पटपट देणाऱ्या काउंटरवर पाच-सहा, आणि त्यातले दोन तरी दुपारी शिफ्ट बदलली की बदलतात. बुफेत तर मोजदादच नाही. तिथे तुमच्या आधी पन्नास पोरांनी चीजचा चमचा भाताच्या भांड्यात घातलेला असतो.

माझ्या मुलालाही दुधाचीच अ‍ॅलर्जी. तो नऊ वर्षांचा असताना एका पार्कात आम्ही सगळं अगदी शिस्तीत केलं होतं. काउंटरवर सांगितलं, मॅनेजर बाहेर आल्या, घटकांची वही उघडून दाखवली, साधा भाजलेला मांसाचा तुकडा आणि उकडलेल्या भाज्या, पाव नाही, असं ठरलं. ऑर्डरवर लाल अक्षरात लिहिलं. ताट आलं, वर अ‍ॅलर्जीची खूण होती. आणि ताटात पाव होता. मी पाव बोटाने उलटा केला तर खालची बाजू चकाकत होती. लोण्याचा हात फिरवून तव्यावर भाजलेला. चौकशी केली तेव्हा कळलं की आतल्या प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. फक्त ताट उचलून आणणाऱ्या पोराला वाटलं, या मुलाच्या ताटात पाव राहिलाय, बिचाऱ्याला कमी पडेल. त्याने मायेने ठेवला. शेवटचा हात.

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. ताट हातात देणाऱ्याला, मग तो कोणीही असो, मी पुन्हा विचारते: ‘हे दुधाच्या अ‍ॅलर्जीसाठीचं ताट ना? यात काय काय आहे?’ तो बावरला तर ताट मुलासमोर ठेवत नाही. दुसरी सवय जास्त महत्त्वाची. चूक निघाली तर चुकीचं ताट परत देत नाही, टेबलावर माझ्यासमोर ठेवते आणि नवीन आणायला सांगते. परत नेलं की कित्येकदा नुसता पाव उचलून तेच ताट दोन मिनिटांनी माघारी येतं, लोण्याचे डाग तसेच. जुनं समोर असेल तर समोर आलेलं नवीनच असणार.

खुणेचंही सांगते. २०२३ साली फ्लोरिडातल्या एका मोठ्या थीम पार्कच्या संकुलातल्या रेस्टॉरंटमध्ये दूध आणि सुकामेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्या एक डॉक्टर जेवल्या आणि त्याच रात्री गेल्या. त्यांच्या पतीने नंतर जो दावा लावला, त्यात म्हटलं होतं की वेटरला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, त्याने खात्रीही दिली होती. पण पदार्थ आले तेव्हा काहींवर अ‍ॅलर्जीची झेंडी नव्हती. त्याबद्दल विचारलं तर ‘तरी चालेल’ असंच उत्तर मिळालं. हे घाबरवायला लिहीत नाही. जिथे खूण लावायची पद्धत आहे तिथे खूण नसलेला पदार्थ खायचा नाही, समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी, एवढ्यासाठीच लिहिलं.

प्रश्न कसा विचारायचा, यावर सगळं अवलंबून असतं. ‘हे आमच्या मुलीला चालेल का?’ असं विचारू नका. रांगेत मागे वीस माणसं उभी असताना काउंटरवरचं पोरगं ‘हो’च म्हणणार. ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही असं विचारा. एक नमुना देते, मी ऐकलेला जवळजवळ जसाच्या तसा.

‘फ्राईजमध्ये दूध आहे का?’

‘नाही मॅडम, बटाटा आणि मीठ.’

‘त्याच तेलात अजून काय काय तळता?’

‘चीजचे रोल. आणि चिकन.’

‘चिकनच्या वरच्या आवरणात काय असतं?’

‘थांबा हं, विचारून येतो.’

‘थांबा हं, विचारून येतो’ हे मला सगळ्यात आवडणारं उत्तर. ते म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवते. क्षणार्धात ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणाऱ्यावर नाही.

दूध लपतं कुठे, हे तुम्हाला घरचं पाठ असेल, पण पार्कातल्या जागा वेगळ्या असतात. पावावर लोण्याचा हात. भाजलेल्या मांसावर किंवा मक्याच्या कणसावर चमकण्यासाठी लावलेलं लोणी. फ्राईज आणि चिप्सवर भुरभुरवलेला मसाला, त्यात दुधाची पावडर असू शकते. पॉपकॉर्न, आणि त्याहून जास्त कॅरमल पॉपकॉर्न. फळांचा गारेगार रस, जो मिल्कशेकच्याच ब्लेंडरमध्ये फिरवलेला असतो. कॉफीत घालायची ‘नॉन-डेअरी’ पावडर, जिच्यात दुधातलंच केसिन हे प्रथिन असू शकतं. ‘लॅक्टोज फ्री’ म्हणजे दूधच, फक्त साखर फोडलेली. अ‍ॅलर्जी प्रथिनाची आहे, त्यामुळे त्याचा लेकीला काही उपयोग नाही. हे मात्र काउंटरवरच्या पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून ‘लॅक्टोज’ हा शब्द तुम्ही उच्चारूच नका. ‘दूध, लोणी, चीज, क्रीम, दुधाची पावडर’ असं एकेक नाव घ्या. ‘व्हीगन’ लिहिलेलं दिसलं की आपला जीव भांड्यात पडतो, पण ते कृतीबद्दल असतं, तव्याबद्दल नाही. शिवाय व्हीगन पदार्थात क्रीमच्या जागी वाटलेला काजू असायची शक्यता बरीच. तुमच्या घरी नेमका दोन्हींचा योग आहे, तेव्हा हे विशेष जपा. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना बऱ्याचदा पिस्त्याचाही त्रास होतो, दोन्ही एकाच कुळातले. पिस्ता लेकीचा तपासलेला नसेल तर तोही बंदच ठेवा.

लेबलचं एक. परदेशी पॅकेट हातात आलं तर हे लक्षात असू द्या की लेबलवर दाखवाव्याच लागणाऱ्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची यादी देशोदेशी वेगळी असते. युरोपात १४, अमेरिकेत ९, त्यातही तीळ २०२३ पासून आलेला. दूध आणि काजू दोन्हीकडे आहेत, त्यामुळे तुमचं निभावतं. पण ‘अंश असू शकतो’ ही ओळ बहुतेक देशांत ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे अंश नाही, असा अर्थ काढू नका.

दिवसाची आखणी अशी करा. नाश्ता मुक्कामाच्या खोलीत, आपला. सबंध दिवसात बाहेरचं जेवण एकच, बसून जेवायच्या ठिकाणी, आणि तेही गर्दीच्या आधी. पार्क उघडल्यावर तासा-दोन तासांनी, रांगा लागायच्या आत, आचारी बाहेर येऊन बोलू शकतो, तवे स्वच्छ असतात. दुपारी दीड वाजता त्याच माणसाकडे तुमच्यासाठी चाळीस सेकंद नसतात. अ‍ॅपवरून मेनू आधी बघून ठेवा, पण ऑर्डर तोंडी द्या. पडद्यावरच्या चौकोनात केलेली खूण स्वयंपाकघरात कोणी वाचली की नाही, हे तुम्हाला दिसत नाही. जागा मिळाली आणि माणूस चांगला भेटला, तर दुसऱ्या दिवशी तिथेच जा आणि तेच खा. मुलांना कंटाळा येत नाही, कंटाळा आपल्याला येतो.

टेबल स्वतः पुसा. साबणाचे किंवा साधे ओले वाइप्स न्या, निव्वळ सॅनिटायझर नको. सॅनिटायझर जंतू मारतं, पण प्रथिन जागच्या जागी राहतं. शेंगदाण्यावर २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात साबणाने आणि वाइप्सने हातावरचं प्रथिन निघालं, सॅनिटायझरने किंवा नुसत्या पाण्याने ते काही हातांवर उरलं. लेकीचेही हात जेवणाआधी साबणानेच. राइडच्या दांड्यांना दिवसभर आइस्क्रीमचे हात लागलेले असतात.

आणि संध्याकाळचे चार. मला विचाराल तर दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ ती. पाय दुखतात, डबा संपलेला असतो, फोनची बॅटरी गेलेली असते, धाकट्या पुतण्याने भोकाड पसरलेलं असतं, आणि समोर एक गाडी दिसते जिच्यावर काहीतरी छान वास येणारं विकतात. त्या क्षणी आपण सकाळी जे चार प्रश्न विचारले असते त्यातला एकच विचारतो. म्हणून चारचं खाणं वेगळं बांधून ठेवा, वर ‘४ वाजता’ लिहा, आणि दुपारी कोणी कितीही मागितलं तरी ती पिशवी उघडू नका.

आता पेनांकडे येते. ‘जा’ म्हणण्यामागची माझी खरी अट ही आहे.

दोन्ही पेनांवरची तारीख आज बघा. आणि मात्राही. चार वर्षांच्या वयात दिलेलं पेन ०.१५ मिलिग्रॅमचं असेल. ते साधारण १५ ते ३० किलो वजनासाठी असतं, पण काही डॉक्टर पंचवीसच्या आसपासच ०.३ वर नेतात. लेकीचं आजचं वजन सांगून डॉक्टरांना विचारून घ्या. अ‍ॅलर्जीचा आपत्कालीन आराखडा एका पानावर लिहून मागा. चारही मोठ्यांना निघायच्या आधी सरावाच्या, सुई नसलेल्या पेनने मांडीवर एकदा टोचून दाखवायला लावा, जाऊबाईंना आधी. आराखड्यापेक्षा हा सराव जास्त बोलतो, असा माझा अनुभव. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणारं माणूस हातात पेन घेऊन सातवर्षीय मांडीकडे बघतं तेव्हा त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

दोन्ही पेनं एकत्र, आणि नेहमी लेकीच्या मागे. एक तुमच्याकडे आणि एक मिस्टरांकडे, ही चूक खूप घरं करतात. नऊ जण पार्कात फुटणारच: मोठे उंच झोक्याकडे, छोटे चक्राकडे. ज्या गटात लेक, त्या गटात दोन्ही. दुसरं पेन यासाठी की पहिल्याने पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्यावं लागतं, आणि तेवढ्यात बाबा रांगेतून बाहेर येत नाहीत.

राइडवर पिशवी नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवा म्हणतात. पेनं लॉकरमध्ये ठेवायची नाहीत. चेनवाली कमरेची छोटी पाऊच घ्या. काही राइडवर ती चालते, आधी विचारा. जिथे चालत नाही तिथे एक मोठं माणूस राइडवर जात नाही, पाऊच घेऊन बाहेर पडायच्या दाराशी उभं राहतं. त्याचं नाव सकाळीच ठरवा. राइड तीन मिनिटांची असते, पण रांग पाऊण तासाची, आणि रांगेतच मुलं एकमेकांचं खातात. पाण्याच्या राइडला पाऊचच्या आत प्लॅस्टिकची झिप पिशवी. पेन २० ते २५ अंशांत राहायला हवं, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत नको, आणि घाबरून बर्फाला चिकटवूनही नको. पेनला खिडकी असेल तर आतलं औषध स्वच्छ, पाण्यासारखं दिसलं पाहिजे. तपकिरी झाकळ आली असेल तर बदला.

पार्कात शिरल्या शिरल्या नकाशावर प्रथमोपचार केंद्र कुठे आहे ते बघा. वेळ आलीच तर जवळच्या कर्मचाऱ्याला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ (अ‍ॅलर्जीचा जिवावर बेतणारा झटका) हा शब्द आणि जवळच्या राइडचं नाव सांगा. त्यांच्याकडे वॉकीटॉकी असते, आणि आत गाडी कोणत्या दाराने येते ते त्यांना माहीत असतं. पण इंजेक्शन आधी, शोधाशोध नंतर.

थीम पार्कात लक्षणं ओळखणं घरापेक्षा अवघड जातं, याचा फारसा विचार कोणी करत नाही. गरगर फिरणाऱ्या राइडनंतर पोर ओकलं. राइडने ओकलं की दुधाने? गाल लाल झालेत. उन्हाने की अ‍ॅलर्जीने? खोकतेय. नाकात पाणी गेलं की घसा आवळतोय? मी एक साधा नियम केलाय. बाहेरचं काही खाल्लं की पुढचा तासभर गोल फिरणारं आणि पाण्याचं काही नाही, धावपळ नाही. संथ बोट, सावलीतला खेळ, कठपुतळ्या, काय असेल ते. म्हणजे काही झालंच तर कारणांचा गोंधळ उरत नाही. आणि दुसरंही एक कारण आहे. व्यायाम आणि अपुरी झोप यांमुळे कमी मात्रेतही त्रास होऊ शकतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या प्रौढांवर केलेल्या अभ्यासात तसं दिसलं आहे. पहाटे पाचला उठवून आणलेलं, दिवसभर पळणारं मूल म्हणजे दोन्ही एकत्र.

अंगावर चार गांध्या, बाकी पोर हसतंय, तर आराखड्यात लिहिलेलं औषध द्या आणि तिच्यावरची नजर हटवू नका. गांध्या आणि ओकारी, किंवा सूज आणि खोकला, अशा दोन ठिकाणच्या तक्रारी एकत्र आल्या, किंवा श्वासाला, आवाजाला काही झालं, किंवा पोर एकदम मलूल पडलं, तर पेन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं. खाजेच्या गोळीने श्वास मोकळा होत नाही, तिची वाट बघू नका. दिल्यावर आडवं झोपवा, पाय थोडे वर. धाप असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, केंद्रापर्यंत चालवत तर नाहीच. बरं वाटलं तरी हॉस्पिटल, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो. त्या रात्रीची आतषबाजी राहिली तर राहिली.

जाऊबाईंच्या बिस्किटाचं उत्तर देऊन टाकते, कारण दोन दिवस ते तुमच्या कानाशी वाजणार. त्यांचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना पिठात मिसळून चांगलं भाजलेलं दूध सोसतं. उष्णतेने दुधातल्या काही प्रथिनांचा आकार बदलतो, शरीर त्यांना पटकन ओळखत नाही. पण आइस्क्रीममधलं दूध तसं भाजलेलं नसतं. पार्कातला केकही त्यात बसत नाही: मधला भाग ओलसर, वरचं क्रीम कच्चं, आणि भट्टीत किती वेळ होता ते तुम्हाला माहीत नाही. डॉक्टरांची परवानगी तुमच्या घरच्या त्या बिस्किटांना आहे, ‘भाजलेलं’ या शब्दाला नाही. हे जाऊबाईंना एकदा, निघायच्या आधी, घरात बसून सांगा. पार्कात सर्वांदेखत सांगितलं तर त्यांना टोचेल आणि मग त्या ऐकायच्या नाहीत. आणि एक काम त्यांनाच सोपवा: आपली मुलं काही खाऊन आली की त्यांचे हात-तोंड पुसायचं. ज्याच्याकडे काम असतं तो विरोधी पक्षात बसत नाही.

मिस्टरांना म्हणावं, रद्द करण्याइतकं काही नाही, पण दोन्ही दिवस एकाने पूर्णवेळ या कामावर असायचं आणि तो एक प्रत्येक वेळी तुम्हीच असणार नाही. पहिला दिवस तुमचा, दुसरा त्यांचा. ज्याचा दिवस असेल तोच काउंटरवर बोलेल. दोघं बोलायला लागले की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने विचारलं असेल.

आता आइस्क्रीम. स्कूपच्या काउंटरवर ‘दूध नसलेलं सॉर्बे’ दिसेल आणि तिथे तुमचा पाय अडखळेल. तो चमचा बघा. काउंटरमागे एका भांड्यात पाणी असतं, त्यात सगळे स्कूप बुडवून ठेवतात आणि ते पाणी दुपारपर्यंत पांढुरकं होतं. त्याच पाण्यातून काढलेला चमचा सॉर्बेत जातो. काही ठिकाणी विनंती केली तर नवीन डबा उघडून धुतलेल्या चमच्याने देतात, पण ते शांत वेळीच.

सोपा मार्ग पॅकबंद बर्फाची कांडी. पहिल्या दिवशी सकाळीच, कोणी काही मागायच्या आधी, लेकीला घेऊन पार्कातल्या दुकानांचे फ्रीझर बघत एक फेरी मारा. लेबलं तिला वाचायला द्या. सात वर्षांची आहे, ‘दूध’ आणि ‘काजू’ शोधता येतात तिला, आणि शोधायला आवडतातही. दुसऱ्यांदा तुम्ही वाचा. चालणारी एक-दोन सापडतात बहुधा. मग दुपारी पाचही मुलांना तिथेच न्यायचं आणि लेकीने आधी निवडायचं. बाकीच्यांनी हवं तर त्याच फ्रीझरमधून घ्यायचं. पुतण्यांपैकी एखादा रडेल, त्याला नेमकं चॉकलेटचंच हवं असेल. त्याला जाऊबाई शेजारच्या बाकावर घेऊन बसतील, हात पुसायचे वाइप्स त्यांच्याकडेच असतील.

काही सापडलंच नाही तर तिला तसंच सांगा: ‘आज इथे आपल्यासाठी काही नाही.’ ‘नंतर बघू’ म्हणू नका, ती नंतर विचारते. आणि त्या चारच्या पिशवीत तिच्या आवडीचं, घरून आणलेलं, बाकीच्या मुलांना न मिळणारं असं काहीतरी एक ठेवा. माझ्या मुलाच्या पिशवीतल्या त्या एका वस्तूसाठी त्याच्या चुलत भावंडांनी एकदा आपली आइस्क्रीमं वितळू दिली होती.

पेनांच्या तारखा बघितल्या का?

तुमची ताई